घडी ज्याची, उडी त्याची

तुम्ही शेवटची सही कशावर केलीत, आणि ती करण्यापूर्वी काय मोजलंत?

मला हा प्रश्न विचारणारा माणूस दिग्रसला ताडपत्र्या शिवायचा. बाजाराच्या तोंडाशी दुकान. पाटीवर लिहिलेलं, ‘ताडपत्री, सीट कव्हर, स्कूल बॅग शिवून मिळेल’, आणि खाली लाल रंगात, ‘छत्री दुरुस्त होत नाही’. ही दुसरी ओळ मागाहून घालावी लागली. फौजेत हे छत्र्यांचं काम करायचे एवढंच गावाला कळलं होतं, आणि आभाळ भरून आलं की लोक मोडक्या काड्या घेऊन दारात उभे राहायचे. हे ओरडायचे, पाटीकडे बोट दाखवायचे, आणि शेवटी दुरुस्त करून द्यायचे.

गाव त्यांना फौजी म्हणायचं, मी फौजी काका. बंजारा तांड्यावर वाढलेले. आईकडून, त्यांच्या भाषेत याडीकडून, कशिद्याचा टाका शिकलेले. त्यांचं फौजेतलं काम होतं पॅराशूटच्या घड्या घालण्याचं. लांबच लांब टेबल, त्यावर ताणलेलं कापड, दोऱ्या एकेक करून मोजायच्या, पदरावर पदर बसवायचा, वाऱ्यानं कापड सरकू नये म्हणून वर रेतीच्या छोट्या पिशव्या ठेवायच्या, आणि सगळं पाठीवरच्या पिशवीत बसवून एका कार्डावर आपलं नाव लिहून सही करायची.

त्या सहीची एक रीत होती. ती समजल्याशिवाय फौजी काका समजत नाहीत. सकाळी साहेब यायचा, रचून ठेवलेल्या पॅराशूटांपैकी कोणत्याही एकावर बोट ठेवायचा आणि कार्ड वाचायचा. ज्याची सही, त्यानं तेच पॅराशूट पाठीला बांधायचं, विमानात बसायचं आणि उडी मारायची. बोट कोणत्यावर पडेल हे आधी कुणालाच माहीत नसे.

“म्हून कोनाची घडी वाईट निघे नाई,” ते सांगायचे. “जो घडी घालते, तोच उडी मारते. हे एवढं एक कलम दिल्लीत लावा, मंग बाकी कायदे नाई केले तरी चालते.”

मी पत्रकांच्या घरात वाढले. बाबा जिनिंगमध्ये काट्यावर कापूस मोजायचे आणि उरलेल्या वेळात पत्रकं लिहायचे. विहारासमोर, एसटी स्टँडवर, शाळांच्या फाटकांवर ती वाटायचे. आमच्याकडे पाठकोरा कागद कधी रद्दीत गेला नाही, तो पुढच्या पत्रकाच्या मसुद्याला लागायचा. अक्षरओळख मला पत्रकांवर झाली. त्यामुळे ‘बंधू-भगिनींनो’ हा शब्द मी ‘कमळ’च्या आधी वाचायला शिकले असेन.

कॉलेजात दुसऱ्या वर्षाला असताना आम्ही वसतिगृहाच्या फाटकाविरुद्ध मोहीम काढली. मुलींचं फाटक संध्याकाळी साडेसहाला बंद व्हायचं, मुलांचं बंदच व्हायचं नाही. पत्रक मीच लिहिलं. ‘घड्याळ मुलींनाच का?’ असा मथळा. खाली निमंत्रक म्हणून माझं नाव. बाजारात वाटत वाटत मी फौजी काकांच्या दुकानात शिरले.

त्यांनी मजकूर वाचलाच नाही. आधी कागद उजेडात धरला.

“घडी कोनं घातली?”

“मी.”

“कोपरे जुळत नाई.”

“काका, मजकूर वाचा ना.”

वाचला त्यांनी. चष्मा कपाळावर चढवून, ओठ हलवत, पूर्ण. मग माझ्या नावावर बोट ठेवलं.

“हे सही तुही?”

“हो.”

“तू किती वाजता घरी जातं?”

बाबांचा नियम सहाचा होता. वसतिगृहापेक्षा अर्धा तास कडक.

“म्हंजे घडी तुही, आन उडी दुसऱ्याच्या पोरीनं मारावं?” ते हसले. कोपऱ्यात बटणं लावत बसलेल्या काकूही हसल्या. मला इतका राग आला की मी तिथल्या स्टुलावर बसले आणि साडेसात वाजेपर्यंत उठले नाही. बाबा सायकल घेऊन शोधत आले तेव्हा मी दुकानाच्या ओट्यावरून जमिनीवर उड्या मारत होते.

कारण तेवढ्या वेळात मला हे शिकवून झालं होतं की पॅराशूटनं उतरताना माणूस उभा राहत नाही, तो पडतो, आणि पडणं शिकावं लागतं. पाय जोडायचे. गुडघे जोडायचे, किंचित वाकवायचे. हनुवटी छातीला. जमिनीकडे बघायचं नाही, दूर बघायचं. जमिनीकडे बघणारा माणूस घाबरून एक पाय आधी पुढे करतो आणि तोच मोडतो. तळव्याचा पुढचा भाग टेकला की अंग बाजूला सोडायचं: पोटरी, मांडी, कुल्ला, मग पाठीचा तिरपा भाग. मार सगळ्या अंगात वाटून घ्यायचा.

“सगळा भार एकाच हाडावर दिला तं हाड मोडते,” काका म्हणाले. “घरात बी तेच होते. पाह्य कोन्या बी घरात, एकाच बाईवर सगळा भार असते.”

“फौजीनं पोरगी पागल केली वं बाई,” समोरची भाजीवाली मावशी सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या बांधता बांधता ओरडली.

“मावशी, तुमी बी या. गुडघ्याले बरं वाटन.”

“मले कायले? मी रोज पडतो, माह्यासाठी इमान नाई लागत.”

बाबांनी मला सायकलवर बसवून घरी नेलं.

फौजी काकांच्या सवयींचं काय सांगू! एसटीत चढले की ते पुढे उभ्या असलेल्या अनोळखी माणसाच्या पिशवीची चेन ओढून बघायचे, पट्टे चाचपायचे. विमानात प्रत्येकजण पुढच्याची पाठ तपासतो, ती सवय. बायाबापड्या दचकायच्या, एकदा कंडक्टरनं त्यांना खिसेकापू समजून खाली उतरवलं. बसमधून उतरताना ते कायम दोन्ही पाय जोडून उडी मारायचे. चौकात सिग्नलपाशी कुणाचा हेल्मेटचा पट्टा लटकताना दिसला की जाऊन टकटक करायचे, “पट्टा लावाचा नसन तं टोपलं घाल न, त्यात भाजी तरी येते.”

मत कुणाला दिलं हे त्यांनी काकूंनाही कधी सांगितलं नाही. “मत आन राखीव पॅराशूट, दोनी गोष्टी लोकाईले उघडून दाखवाच्या नसते. टायमावर आपोआप दिसते.”

दुकान बंद करताना हत्यारं मोजल्याशिवाय ते कुलूप लावत नसत. कात्र्या दोन, टोच्या एक, सुया अकरा. एका निवडणुकीच्या दिवसांत सुया दहा भरल्या. त्या दिवशी एका उमेदवाराच्या गाडीची सीट कव्हरं शिवून गेली होती. काकांनी दुसरा विचार केला नाही. ऑटोत बसले आणि पुसदच्या रस्त्याला लागलेल्या प्रचाराच्या ताफ्यामागे सुटले, मला शेजारी घेऊन, हात हलवत, “थांबवा! उतरा! साहेब, उठा!” असं ओरडत. कार्यकर्त्यांना वाटलं आंदोलन आहे. दोघांनी ऑटो अडवला. काका त्यांच्या बगलेखालून सरळ गाडीच्या खिडकीशी.

“साहेब, उठा तुमी. तुमच्या बुडाखाली माही सुई हाये.”

भर रस्त्यात त्यांनी सीट उसवली. सुई निघाली. उमेदवार हात जोडून हसले, फोटो काढा म्हणाले. काका मात्र सुई टोपीला टोचून म्हणाले, “माही चूक होती, मी तुमच्या मागं धावत आलो. तुमच्या चुकाईच्या मागं कोन धावते, साहेब?” गाडी पुढे गेली. आम्ही ऑटोतून परतताना इतके हसलो की ऑटोवाल्यानं गाडी बाजूला घेतली.

पण त्यांचं आणि माझं स्वातंत्र्यावरून कायम भांडण. मी म्हणायचे, स्वातंत्र्य मागायचं नसतं, झेप घ्यायची असते. ते म्हणायचे, झेप तर दगड बी घेतो. विमानाच्या दारात उभं राहायचं स्वातंत्र्य दोन मिनिटांचं असतं, आणि त्याची तयारी टेबलावर चार तास चालते. विमानात सांगतील ते ऐकायचं, पट्टे सांगितले तसे बांधायचे, हूक वरच्या तारेला अडकवून दोनदा ओढून बघायचा. “आन एकदा दाराच्या बाहेर पडली की मंग कोनाच्या बापाचं ऐकाचं नाई. तेथी तू आन तुही गिनती, हजार एक ते हजार चार, मंग वर पाहाचं, छत्री फुलली का.” मी याला फौजी शिस्तीचा भोंगा म्हणायचे. ते मला ‘नारेबाज’ म्हणायचे.

या भांडणाचा निकाल जिनिंगच्या शेडमध्ये लागला. उन्हाळ्यात जिनिंग बंद असतं. बाबांनीच शेडची किल्ली दिली होती. आम्ही तिथे मोठ्या ताडपत्र्या शिवतो अशी त्यांची समजूत. काकांकडे उडीसाठी बाद ठरवलेलं एक जुनं गोल पॅराशूट होतं. सिमेंटच्या फरशीवर ते पसरलं की अख्खी शेड हिरवी व्हायची. तीन महिने मी त्याची घडी शिकले. दोऱ्या सरळ करून दोन भागांत विभागायच्या, एकही एकमेकीवर चढू द्यायची नाही. कापडाचे पदर पुस्तकाच्या पानांसारखे उलटायचे. दोऱ्या रबराच्या फासांत नागमोडी खोवायच्या.

एका दुपारी माझी घडी पहिल्यांदा सुंदर जमली. कोपरे सुरीसारखे. आनंदात मी कार्ड घेतलं, नाव लिहिलं, झोकात सही ठोकली आणि आवाज दिला.

काका आले. घडी बघितली, मान डोलावली. मग फरशीवरच्या रेतीच्या पिशव्या मोजल्या. सहा. असतात सात.

सही करण्यापूर्वी हत्यारं मोजायची, हे मला शंभरदा सांगितलं होतं. मी आधी सही केली होती.

ते ओरडले नाहीत. त्यांनी पॅराशूट उचललं, पाठीला बांधलं, छातीचा पट्टा लावला, मांड्यांचे पट्टे लावले आणि तसेच भर बाजारातून दुकानात चालत गेले. मी मागे. दुकानात त्यांनी मला स्टुलावर बसवलं आणि समोर कोरा कागद ठेवला.

“लिही.”

“काय?”

“माह्या बायकोले चिठ्ठी. तुह्या घडीनं मी आज उडी मारली. पिशवी दोऱ्याईत अडकली, छत्री फुलली नाई. मी मेलो. कसा मेलो, कोनाच्या सहीनं मेलो, लिही तिले.”

मला वाटलं काकू मध्ये पडतील. त्यांनी हातातला दोरा दातांनी तोडला आणि शांतपणे म्हणाल्या, “लिही न बाई. मले बी वाचू दे.”

‘आदरणीय काकू’ एवढं लिहिलं. पुढे पेन हलेना. मी, जी कोणत्याही विषयावर अर्ध्या तासात पत्रक लिहायचे, त्या कागदासमोर रडत बसले. काकांनी पाठीवरची पिशवी उघडली. रेतीची सातवी पिशवी पदरांतून निसटून जमिनीवर धप्पकन पडली, आणि त्या आवाजानं मी उभ्या आयुष्यात दचकले नाही एवढी दचकले.

“आता जाय,” ते म्हणाले. “आन पुन्हा घाल.”

त्यानंतर मी बदलले, हे मी लपवणार नाही. पत्रक लिहिलं की त्यातली प्रत्येक ओळ मी स्वतः पाळते का हे तपासायला लागले. बऱ्याच ओळी कापल्या गेल्या. उरल्या त्या धारदार निघाल्या. फाटकाची मोहीम आम्ही फाटकाबाहेर साडेसहानंतर रोज उभं राहून चालवली, आणि पहिली मी उभी राहिले. ते फाटक आता आठला बंद होतं.

मग ती बातमी आली. शेजारच्या राज्यातल्या एका जुन्या धावपट्टीवर एका क्लबचं शिबिर होतं: दोन दिवस शिक्षण आणि तिसऱ्या दिवशी एकटीनं उडी. कॉलेजातल्या शिकवण्यांतून साठवलेले पैसे माझ्याकडे होते. फॉर्म आणला. त्यावर माझी सही, आणि खाली जवळच्या नातेवाइकाची: ‘धोक्याची कल्पना आहे’.

बाबा म्हणाले, “नाही.”

एवढंच. ‘बंधू-भगिनींनो’ नाही, कारणं नाहीत. फॉर्म फ्रिजवर ठेवला आणि त्यावर स्टीलचा डबा.

फॉर्म अकरा दिवस तिथे पडून राहिला. पोचवायची मुदत बाराव्या दिवशी संपत होती. मी काकांकडे गेले. “तुम्हीच सही करा. काका म्हणून. कोण विचारतं?”

“मी कायले करू?” ते खरोखर चिडले. “मी तुले पडाले शिकवलं. तुही घडी तुह्या बापानं घातली. कार्डावर त्याचीच सही पायजे.”

“ते करणार नाहीत.”

“मंग मोठी हाये तू, सहीवाला दुसरा पाह्य आन जाय. कोनं धरलं तुले? पन मी खोटी सही करत नाई.”

मी पाय आपटत घरी आले. संध्याकाळी पाचच्या सुमारास फाटक वाजलं. काका इस्त्रीचा शर्ट घालून आले होते, हातात त्यांची फौजेतली जुनी वही. बाबांनी खुर्ची दिली, पाणी दिलं. काकांनी वहीतून चार घड्यांचा एक पिवळा कागद काढून टेबलावर ठेवला.

“वीस-बावीस वर्सं झाली दादा. मी सुट्टीवर येऊन राह्यलो होतो, तुमी स्टँडवर हे वाटून राह्यले होते. घडी पाहूनच मी ठेवून घेतलं. चारी कोपरे बराबर. असा हात मी फौजेत बी कमी पाह्यला.”

बाबांनी कागद उलगडला. ‘आपल्या लेकींसाठी चार शब्द’. ते वाचत होते आणि मी त्यांच्या खांद्यावरून वाचत होते. तिसऱ्या परिच्छेदात होतं: ‘मुलगी जिथे जाऊ म्हणेल तिथे तिला जाऊ द्या. तिच्या वाटेत बाप म्हणून आडवे येऊ नका.’ खाली लेखक-प्रकाशक म्हणून बाबांचं पूर्ण नाव.

“घडी तुमची हाये,” काका म्हणाले. “आज साहेबानं बोट ठेवलं.”

बाबांनी कागद होता त्याच घड्यांवर पुन्हा मिटला. मग त्यांनी विचारलं, आणि त्यांचा आवाज मी कधी ऐकला नव्हता असा होता. “मेली तं?”

मला वाटलं काका म्हणतील, काही होत नाही हो. ते म्हणाले, “मरू शकते. मी तुमच्यासंग खोटं नाई बोलत. पाठीवर दोन छत्र्या असते. मोठी नाई फुलली तं ती तोडून राखीव उघडाची. पोरगी बेशुद्ध पडली तं एक यंत्र असते, ते राखीव छत्री आपोआप सोडते. राखीवची घडी परवानावालाच घालते, वर सील असते. कानात रेडिओ असते, खालून शिकवनारा बोलते. एवढं सगळं असून बी मरू शकते.”

“तुम्ही गॅरंटी घेता?”

“ना. गॅरंटी लिडर लोक देते. मी तिच्याकून मोजून घेतलं, एवढंच सांगू शकतो.”

बाबा उठले. अंगणात आले. ओट्याकडे बोट दाखवून मला म्हणाले, “दाखव.”

मी ओट्यावर चढले. “हजार एक!” ओरडले. “हजार दोन! हजार तीन! हजार चार! वर बघ!” आणि उडी मारली. पाय जोडून, हनुवटी छातीला, पोटरी, मांडी, कुल्ला, पाठ. उठले तर बाबा म्हणाले, “पुन्हा.” सात वेळा. चौथ्या वेळेपासून ते माझ्याबरोबर मोजायला लागले. शेजारचे गोळा झाले. आमच्या गल्लीनं एवढी मोठी घोषणा त्याआधी ऐकली नव्हती.

मग बाबांनी डबा उचलला, फॉर्म खाली घेतला, सगळ्या अटी मोठ्यानं वाचल्या, प्रत्येकीचा अर्थ मला विचारला, आणि पूर्ण नाव लिहून सही केली. पत्रकावर लिहायचे तसं.

धावपट्टीवर पॅराशूट हातात आलं तेव्हा मी घडी घालणाऱ्या ताईला विचारलं, “तुम्ही घातलेल्या घडीनं तुम्ही उडी मारता का?” ती हसली. “आज सकाळीच मारली. तुला कुणी पाठवलं गं?”

दार उघडं! वारा तोंडावर ठोसे मारतोय, हूक मी दोनदा ओढून बघितलेला, खाली शेतं, शिकवणाऱ्याचा हात खांद्यावर, “जा!” आणि मी गेले. छाती पुढे, पोट पुढे, हातपाय फाकलेले. हजार एक. काही नाही, फक्त गर्जना. हजार दोन. हजार तीन, खांद्यांना हिसका. हजार चार, वर बघ! वर चौकोनी, भरलेलं, निळं, सगळ्या दोऱ्या सरळ. आणि शांतता. मी ओरडले. काय ओरडले माहीत नाही, घोषणाच असणार. कानातला रेडिओ डावीकडे ओढ म्हणाला, मी ओढलं, आणि आकाशाचा एवढा मोठा तुकडा माझ्या हाताच्या ओढीनं वळला! शेवटी दोन्ही दोर खाली खेचले, जमीन आली, आणि मी पडले. बरोब्बर पडले.

पहिला फोन बाबांना. तिकडे एकच रिंग वाजली.

“पाय जोडले होते का?” बाबा म्हणाले.

मागून काकांचा आवाज आला, “इचारा तिले, हत्यारं मोजून परत केले का?”

फौजी काका आता उमरखेडला लेकीकडे असतात. गुडघे थकले, दुकान बंद झालं. निघताना त्यांनी मला सातही रेतीच्या पिशव्या दिल्या, मोजून, कार्डासकट. मी अजून पत्रकं लिहिते. हेही एक समजा.

म्हणून मागणी एकच. तुमच्याही घरात फ्रिजवर, कपाटावर, देव्हाऱ्यामागे कुणाचा तरी फॉर्म डब्याखाली पडून असेल. लेकीचा असेल, सुनेचा असेल, बायकोचा असेल. तुम्ही कधी सभेत, लग्नात, फोनवर स्वातंत्र्याबद्दल चार चांगले शब्द बोललेले असाल. ती घडी तुमची आहे. आज तो डबा उचला. तिला समोर बसवून सगळं विचारा, मोजा, वाटल्यास ओट्यावरून सात वेळा उडी मारायला लावा. आणि मग पूर्ण नाव लिहून सही करा.